विश्लेषण : हिरवळ कापणाऱ्याची ‘लाइन’ विकत घ्यावी का? अमेरिकेतील या सौद्यात नेमके विकले जाते काय?

पुण्या-मुंबईत पेपरची लाइन विकली जाते, दुधाचा रतीबही विकला जातो. वर्षानुवर्षे पहाटे उठून जमवलेली शे-दीडशे घरे विक्रेता गावी परतताना दुसऱ्याच्या हवाली करतो आणि त्याबद्दल रक्कम घेतो. घरातल्या माणसांना याचा पत्ता लागतो तो पुढच्या महिन्यात, बिल घ्यायला दारात वेगळाच माणूस उभा राहतो तेव्हा. अमेरिकेच्या उपनगरांत हाच व्यवहार हिरवळ कापण्याच्या धंद्यात चालतो. हिवाळा सरत आला की जाहिराती दिसू लागतात : चाळीस गिऱ्हाइके, दर आठवड्याची फेरी, मालक निवृत्त होत आहे, यंत्रांसह किंवा यंत्रांशिवाय. हाताशी थोडी बचत असलेला आणि नोकरीला कंटाळलेला माणूस अशा जाहिरातीकडे आशेने पाहतो. शून्यातून सुरुवात करण्यापेक्षा चालती लाइन घेतलेली बरी, हा हिशेब सरळ वाटतो. पण या सौद्यात पैसे देणाऱ्याच्या हाती खरोखर काय येते, हे सही करण्याआधी तपासले नाही तर पहिल्याच मोसमात बचत गवताबरोबर कापली जाते.

गवत कापण्याचा रतीब झाला कसा?

भारतीय वाचकाला मुळात हा धंदा एवढा मोठा का, असा प्रश्न पडेल. अमेरिकेत घरापुढची आणि मागची हिरवळ ही केवळ हौस नसते. बऱ्याच नगरपालिकांत गवत ठरावीक उंचीपेक्षा वाढू दिले तर दंड होतो. घरमालकांच्या सोसायट्यांचे नियम तर त्याहून कडक असतात. उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला होता, की अमेरिकेतील हिरवळीचे एकूण क्षेत्र ओलिताखालच्या मक्याच्या सुमारे तिप्पट आहे. म्हणजे पाणी पिणारे त्या देशातले सर्वांत मोठे ‘पीक’ हे कुणीही न खाणारे गवत ठरते.

हे पीक उन्हाळ्यात दर आठवड्याला कापावे लागते. घरमालक नोकरीत गुंतलेला, मुले शाळा-खेळात, शनिवारचा दिवस यंत्रामागे घालवण्याची तयारी नाही. मग एक माणूस ठरतो. तो दर मंगळवारी येतो, अर्ध्या तासात काम उरकतो आणि महिन्याअखेरीस बिल पाठवतो. लेखी करार बहुतेक वेळा नसतोच. एक फोन किंवा एक मेसेज, तेवढ्यावर वर्षानुवर्षे चालते. मराठीत याला रतीब हा शब्द चपखल बसतो. नेमलेला दिवस, नेमलेले काम आणि कोणत्याही दिवशी ‘उद्यापासून नको’ म्हणण्याची घरधन्याला असलेली मुभा, हे सारे त्यात येते.

ही शेवटची मुभाच या सौद्याचा कळीचा मुद्दा आहे.

विकले जाते ते नेमके काय?

यंत्रे विकली तर यंत्रे हाती येतात. ट्रेलर विकला तर ट्रेलर येतो. गिऱ्हाईक विकले असे म्हणतात तेव्हा मात्र गिऱ्हाईक कुणाच्याच हाती येत नाही. त्याला कुणी बांधलेले नसते. विकणाऱ्याकडे असते ती नावांची, पत्त्यांची आणि दरांची यादी, आणि त्या घरांना आपला माणूस म्हणून त्याच्याविषयी वाटणारा विश्वास. यादी कागदावर देता येते. विश्वास तसा देता येत नाही, फार तर त्याची ओळख करून देता येते.

कायद्याच्या भाषेत याला ‘गुडविल’ म्हणतात. लॉर्ड एल्डन या इंग्लिश न्यायाधीशांनी १८१० मध्ये एका खटल्यात त्याची जी फोड केली ती आजही सांगितली जाते. त्यांच्या मते गुडविल म्हणजे जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहतील ही शक्यता, त्यापलीकडे काही नाही. त्यांच्यासमोरचा व्यवसाय मालवाहतुकीचा होता. त्याला निदान ठिकाण तरी होते. हिरवळ कापणाऱ्याला दुकान नसते, पाटी नसते, गल्ला नसतो. त्याचे दुकान ट्रेलरवर फिरत असते. एल्डनसाहेबांच्या व्याख्येतली ‘जागा’च इथे गायब आहे, उरते ती फक्त शक्यता.

महाराष्ट्राला गिऱ्हाइकांच्या खरेदी-विक्रीचे वावडे कधीच नव्हते, हेही या निमित्ताने आठवावे. जोशी-उपाध्यांची यजमानवृत्ती ही मालमत्ता मानली जाई. तिच्या वाटण्या होत, ती गहाण पडे, विकलीही जाई. गावच्या जोशाला डावलून यजमानाने दुसऱ्याकडून कार्य करून घेतले, तर दक्षिणेवर हक्क सांगत जोशी कोर्टात जाई आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो हक्क मान्यही करत. १९२० च्या दशकात मुंबईच्या विधिमंडळाने कायदा करून हा प्रकार थांबवला. अन्याय्य असली तरी वृत्ती विकत घेणाऱ्याला त्या व्यवस्थेत एक खात्री होती, कारण गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नव्हते. टेक्सासमधल्या घरमालकावर तशी कसलीही सक्ती नाही, आणि नसावीच. मग किंमतही त्या हिशेबानेच ठरायला हवी.

भाव कसा काढतात?

या क्षेत्रात ठोकताळा असतो तो महिन्याच्या बिलाच्या पटीत. फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, ॲरिझोना या राज्यांत घरगुती पोहण्याच्या तलावांची देखभाल करणाऱ्यांच्या लाइन साधारणपणे मासिक बिलाच्या दहा-बारा पट रकमेला विकल्या जातात. तिथे दलाल असतात, आणि ठरावीक मुदतीत गिऱ्हाईक सुटले तर त्याच्या बदल्यात दुसरे देण्याची हमीही अनेकदा मिळते. हिरवळीच्या लाइनला एवढा भाव कुणी देत नाही. तलावाचे काम बारमाही असते आणि रसायनांचे प्रमाण सांभाळण्याचे ज्ञान त्याला लागते. गवत हिवाळ्यात वाढत नाही, आणि शेजारच्या घरातला सोळा वर्षांचा मुलगाही बापाचे यंत्र घेऊन ते कापू शकतो. म्हणून करार नसलेल्या घरगुती गिऱ्हाइकांची बोलणी वर्षाच्या नव्हे, महिन्या-दोन महिन्यांच्या बिलाच्या आसपास सुरू होतात. सोसायट्या, कार्यालये यांची लेखी कंत्राटे असतील तर आकडा वर जातो.

समजा, एका लाइनमध्ये ४० घरे आहेत आणि प्रत्येक कापणीचे ५० डॉलर मिळतात. आठवड्याला २,००० आणि चार आठवड्यांच्या महिन्याला ८,००० डॉलर झाले. विकणारा दीड महिन्याचे बिल, म्हणजे १२,००० डॉलर मागतो. दर घरामागे ३०० डॉलर पडले. मोसमात २८ कापण्या धरल्या तर एक घर १,४०० डॉलर देते, मग ३०० म्हणजे किरकोळ, असे पहिल्या नजरेत वाटते. पण हे १,४०० डॉलर म्हणजे नफा नाही. इंधन, पाती, मदतनिसाची मजुरी, विमा आणि यंत्राची झीज वजा जाता कापणीमागे १५ डॉलर सुटले, तर मोसमाला घरामागे ४२० डॉलर उरतात. चाळीसच्या चाळीस घरे टिकली तर पैसे पहिल्याच मोसमात वसूल.

आता ३० घरे टिकली असे धरा. तेच १२,००० डॉलर तीसवर वाटले गेले, घरामागे ४०० झाले. मोसम संपेपर्यंत जेमतेम बरोबरी होते. वीसच टिकली तर भाव ६०० वर गेला आणि वसुलीला दीड मोसम लागणार. तोवर उरलेल्यांतलेही काही घर विकून दुसऱ्या गावी गेलेले असतील, कुणी स्वतः यंत्र घेतले असेल. म्हणजे ३०० डॉलरचे गिऱ्हाईक खरे कितीला पडले, हे सौद्याच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. विकणाऱ्यालाही नाही. तरीही पूर्ण रक्कम त्याच दिवशी मोजून द्यायची, असा आग्रह बहुतेक जाहिरातींत असतो. इथेच खरेदीदाराने थांबायला हवे.

यादी पाहावी की नकाशा?

नवखा खरेदीदार यादीतली घरे मोजतो. मुरलेला माणूस ती घरे नकाशावर मांडतो. या धंद्यात कापण्याचे पैसे मिळतात, गाडी चालवण्याचे मिळत नाहीत. वरच्याच लाइनमध्ये पाच दिवसांत चाळीस, म्हणजे दिवसाला आठ घरे येतात. एका घराला ३५ मिनिटे धरली तर २८० मिनिटांचे काम झाले. सगळी घरे एकाच वस्तीत असतील आणि दोन घरांमध्ये पाच मिनिटे जात असतील, तर ४० मिनिटे प्रवास. दिवस पाच तास वीस मिनिटांत संपतो. तीच आठ घरे शहरभर विखुरलेली असतील आणि दर फेरीला वीस मिनिटे जात असतील, तर प्रवासच १६० मिनिटांचा होतो. रोज दोन तास ट्रेलर ओढण्यात गेले. त्या दोन तासांत लगतची आणखी तीन घरे उरकली असती, म्हणजे दिवसाला १५० आणि आठवड्याला ७५० डॉलर. दोन्ही याद्यांवर ४० हाच आकडा आहे आणि मासिक बिलही ८,००० च आहे. पटीच्या ठोकताळ्याने दोन्हींची किंमत सारखीच येते. प्रत्यक्षात दुसरी यादी निम्म्या भावानेही महाग आहे.

पेपर टाकणाऱ्या पोराला हे कुणी शिकवावे लागत नाही. एका इमारतीतली वीस घरे त्याला वीस गल्ल्यांतल्या वीस घरांपेक्षा केव्हाही प्रिय असतात.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ज्याची आधीच एखाद्या वस्तीत पंधरा-वीस घरे आहेत, त्याच्यासाठी त्याच वस्तीतली दहा घरांची छोटी यादी सोन्यासारखी असते. पूर्ण नवख्याला मात्र तीच दहा घरे जेमतेम एका दिवसाचे काम देतात. एकाच यादीची दोघांसाठी वेगवेगळी किंमत असणे यात काही गैर नाही. उलट विकणाऱ्यानेही आधी त्याच वस्तीत फिरणाऱ्या दुसऱ्या हिरवळवाल्याला विचारावे. जाहिरातीवरून येणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा तो जास्त देईल, आणि काम नीट चालवण्याची शक्यताही त्याचीच अधिक.

यादीत काय दडलेले असते?

पहिली गोष्ट म्हणजे शिळे दर. निवृत्त होणारा माणूस जुन्या घरांचे दर वाढवायला संकोचतो. बाजारात ५० डॉलर चालू असताना तो एखाद्या आजीबाईंकडून अजून ३५ घेत असतो, कारण दहा वर्षांची ओळख असते. खरेदीदार मनात म्हणतो, आपण वाढवू. पण माणूस बदलला आणि दरही बदलला, असे दोन्ही धक्के एका महिन्यात दिले तर गिऱ्हाईक हमखास सुटते. अशी घरे आजच्याच दराने मोजावीत, आणि त्या दराने परवडत नसतील तर यादीतून काढून टाकायला सांगावे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल : ‘निम्मा धंदा रोखीत आहे, कागदावर दिसत नाही.’ अमेरिकेतला एकट्याने धंदा करणारा माणूस आपले उत्पन्न आयकर विवरणाच्या ‘शेड्यूल सी’ या तक्त्यात दाखवतो. ते, बँकेतला भरणा आणि बिलांच्या नोंदी एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. जे उत्पन्न विकणाऱ्याने सरकारला दाखवले नाही, ते त्याने किंमत लावताना खरेदीदारालाही दाखवू नये. ही भूमिका कठोर वाटेल, पण यात सवलत दिली की हिशेबाला तळच उरत नाही.

तिसरी गोष्ट आगाऊ पैशांची. काही घरांनी मोसमाचे पैसे एकरकमी भरलेले असतात आणि ते विकणाऱ्याच्या खिशात गेलेले असतात. अशी घरे विकत घेणारा फुकट गवत कापण्याची जबाबदारी विकत घेतो. खतांची आणि तणनाशकांची फवारणी यादीत असेल तर आणखी जपावे, कारण पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो आणि तो यादीबरोबर हस्तांतरित होत नाही. सोसायट्यांच्या कंत्राटांत अनेकदा अट असते, की त्यांच्या संमतीशिवाय काम दुसऱ्याकडे सोपवता येणार नाही, आणि महिन्याच्या सूचनेवर ते संपवताही येते. कंत्राट आहे म्हणून चढा भाव लावणाऱ्याकडे आधी त्या कंत्राटाचे शेवटचे पान मागावे.

आणि यंत्रे. यादी स्वस्त दाखवून जुनी यंत्रे महागात गळ्यात मारण्याचा प्रकार जुनाच आहे. दोन्हींच्या किमती वेगळ्या लिहून घ्याव्यात. याचा करातही उपयोग होतो. अमेरिकी कायद्यानुसार विकत घेतलेल्या गिऱ्हाइकांच्या यादीचा खर्च एकदम वजा करता येत नाही, तो १५ वर्षांत विभागावा लागतो. यंत्रांचा खर्च मात्र त्याहून लवकर वजा होतो.

पैसे केव्हा द्यावेत?

वादाचा मुद्दा हाच आहे, आणि या प्रश्नाला एकच न्याय्य उत्तर दिसते. यादीला पैसे देऊ नयेत, टिकलेल्या घराला द्यावेत. सही करताना किमतीचा तिसरा हिस्सा द्यावा. उरलेली रक्कम मोसम सुरू झाल्यावर, ठरलेल्या कापण्या करून घेऊन बिल चुकते केलेल्या प्रत्येक घरामागे द्यावी. चाळीसपैकी तीस टिकली तर तिसांचेच पैसे. वरच्या उदाहरणात सहीच्या वेळी ४,००० डॉलर आणि पुढे टिकलेल्या दर घरामागे २०० डॉलर. तीस घरे टिकली तर एकूण १०,००० होतात, वीस टिकली तर ८,०००. जोखीम दोघांत वाटली जाते.

विकणाऱ्यांचा यावरचा आक्षेप पोकळ नाही, तो ऐकून घ्यायला हवा. ते म्हणतात, घर मी जोडून दिले. तू उशिरा गेलास, फुलझाडांच्या वाफ्यावरून यंत्र फिरवलेस, फोन उचलला नाहीस आणि म्हणून ते सुटले, तर त्याचा भुर्दंड मी का सोसू? रास्त आहे. म्हणून मोजणीची मुदत छोटी असावी. पहिल्या चार ते सहा कापण्यांत जे घर सुटते, ते बहुधा माणूस बदलल्यामुळे सुटते. त्यानंतर सुटते ते नव्या माणसाच्या कामामुळे. सहावी कापणी झाली की घर खरेदीदाराचे आणि पैसे विकणाऱ्याचे. पूर्ण मोसमभर हिशेब लटकत ठेवण्याची मागणी करणारा खरेदीदारही तितकाच अन्यायी ठरतो, हे सांगायला हवे.

या व्यवस्थेचा एक फायदा आकड्यांत दिसत नाही. पुढचे पैसे टिकणाऱ्या घरांवर अवलंबून आहेत हे कळले की विकणाऱ्याचे वागणे बदलते. तो नुसती यादी मेल करून मोकळा होत नाही. पहिल्या फेरीला स्वतः गाडीत बसून येतो, घरधन्याला हाक मारून नव्या माणसाची ओळख करून देतो. कोणत्या फाटकाला आतून कडी आहे, कुणाचा कुत्रा चावरा आहे, कुठल्या बाईंना कापलेले गवत उचलून नेलेले हवे असते आणि कुणाला तिथेच पसरलेले चालते, हे सगळे सांगतो. ही माहिती कुठल्याच यादीत नसते आणि गिऱ्हाईक टिकते ते तिच्यावर. पेपरची लाइन देणारा विक्रेता नव्या पोराला चार दिवस बरोबर घेऊन इमारती दाखवतो, तो याच कारणासाठी.

एकरकमी पैशांचा हट्ट धरणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. कुणाला आजारपणासाठी रक्कम हवी असते, कुणाला दुसऱ्या राज्यात जायचे असते. त्याला एकरकमी द्यावे, पण मग भाव बराच खाली आणावा. जोखीम सगळी आपण घ्यायची आणि भावही पुरा द्यायचा, या दोन्ही गोष्टी एकाच सौद्यात मान्य करण्याचे कारण नाही.

विकणाऱ्याने पुन्हा यंत्र बाहेर काढले तर?

निवृत्त झालो म्हणणारा माणूस दोन उन्हाळ्यांनी कंटाळतो. किंवा त्याचा भाचा धंदा सुरू करतो आणि मामाच्या फोनमध्ये सगळे नंबर असतातच. यावर कायदा काय म्हणतो? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये ‘ट्रेगो विरुद्ध हंट’ या खटल्यात आखलेली रेषा आजही मार्गदर्शक मानली जाते. गुडविल विकणारा माणूस, वेगळे काही ठरले नसेल तर, पुन्हा तोच धंदा उघडू शकतो. पण विकून टाकलेल्या गिऱ्हाइकांकडे जाऊन ‘माझ्याकडे या’ असे म्हणू शकत नाही. विकलेली वस्तू मागच्या दाराने परत न्यायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो. कॅलिफोर्नियासारखे राज्य नोकरदारांवर ‘दुसरीकडे काम करू नका’ अशी बंदी घालू देत नाही, पण व्यवसायाचे गुडविल विकणाऱ्यावर मर्यादित क्षेत्रात अशी बंदी तिथेही चालते. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ चा साचा असाच आहे. धंदा करण्यास मनाई करणारा करार रद्दबातल, आणि त्याला अपवाद गुडविलच्या विक्रीचा. तोही ठरावीक हद्दीपुरता, आणि खरेदीदार तो धंदा चालवत असेपर्यंतच. पुण्यात पेपरची लाइन विकणाऱ्याला हे कलम ठाऊक असण्याची शक्यता कमी, तरी ते त्याला लागू पडते.

मात्र बारा हजार डॉलरच्या सौद्यासाठी कुणी वर्षभर कोर्टात भांडत नाही. वकिलाचे बिल तेवढेच येईल. कलम करारात असावेच, पण भरवसा ठेवावा तो राखून ठेवलेल्या पैशांवर आणि एका साध्या गोष्टीवर, ती म्हणजे फोन नंबर. गिऱ्हाइकाच्या फ्रिजवरच्या चुंबकावर जो नंबर छापला आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये ‘लॉन’ या नावाने जो जपून ठेवला आहे, तो सौद्यात खरेदीदाराच्या नावावर झालाच पाहिजे. एल्डनसाहेबांची ‘जागा’ या धंद्यात कुठे असेल तर ती त्या दहा आकड्यांत आहे. नंबर आणि धंद्याचे नाव न देता नुसती यादी विकणारा माणूस दुकान स्वतःकडे ठेवून गल्लीचा पत्ता विकतो आहे.

यादी विकण्याचाच धंदा झाला तर?

ऑस्ट्रेलियातील जिम पेनमन यांची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात इतिहासात पीएचडी करणारे पेनमन पोटापाण्यासाठी हिरवळी कापत. १९८२ मध्ये त्यांनी २४ डॉलरच्या भांडवलावर हाच पूर्णवेळ धंदा केला, असे ते सांगतात. गवत कापता कापता त्यांच्या लक्षात आले, की गिऱ्हाइकांची फेरी जमवून ती दुसऱ्याला विकण्यात कापण्याइतकाच, किंबहुना जास्त पैसा आहे. मग फेऱ्या उभ्या करायच्या आणि विकायच्या, असे सुरू झाले. १९८९ मध्ये त्यांनी फ्रँचायझी काढली आणि ‘जिम्स मोइंग’ हे नाव पुढे देशभर पोहोचले. आज त्या समूहाकडे हजारो फ्रँचायझी आहेत आणि हिरवळीपलीकडची साफसफाई, कुंपणे, कुत्र्यांना अंघोळ घालणे अशी कामेही आहेत.

नुसती फेरी विकण्याकडून फ्रँचायझीकडे जाण्यात व्यवहाराचे स्वरूपच बदलले. फेरी विकली की विकणारा सुटतो. फ्रँचायझीत त्याला महिन्याचे शुल्क मिळत राहते, म्हणून घेणारा टिकावा यात त्याचाही स्वार्थ असतो. राखून ठेवलेल्या पैशांनी छोट्या सौद्यात जे साधते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर साधले जाते. अर्थात शुल्क कायमचे मानेवर बसते, आणि गिऱ्हाइकाच्या मनात नाव जिमचे राहते, घाम गाळणाऱ्याचे नाही. स्वतःचा धंदा हवा म्हणून नोकरी सोडणाऱ्याने हे ध्यानात घेतलेले बरे.

आणि ज्याची विक्री होते त्याचे काय?

सगळ्या बोलण्यांत एकच माणूस हजर नसतो, तो म्हणजे ज्याच्या अंगणात गवत वाढते तो. त्याचा पत्ता, फोन, फाटकाचा आकडी कोड, घरी कोण केव्हा असते, हे सगळे एका अनोळखी माणसाच्या हाती जाते. भारतात २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने संमतीचा मुद्दा ऐरणीवर आणला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही हे शहाणपणाचे नाही. आपण विकले गेलो हे ज्याला शेवटी कळते, तो आधी सोडून जातो.

म्हणून विकणाऱ्याने स्वतःच्या नावाने चार ओळींचे पत्र आधी पाठवावे. मी थांबतो आहे, हे काम अमुक जण बघतील, दर आणि वार तेच राहतील, नको असेल तर मला कळवा. काही जण ‘नको’ म्हणतील. ते सौद्याआधी कळलेले बरे, कारण त्या घरांचे पैसे मग मोजावेच लागत नाहीत. विकणारे असे पत्र टाळतात, यादी आक्रसेल या भीतीने. पत्राने आक्रसणारी यादी पत्राशिवायही आक्रसणारच असते, फरक इतकाच की तोवर पैसे दिलेले असतात.

सौदा करायचा महिना कोणता?

उत्तरेकडच्या राज्यांत शेवटची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि पहिली एप्रिलमध्ये. दमलेला मालक ऑक्टोबरात यादी विकायला काढतो, तेव्हा तो भावही कमी सांगतो आणि खरेदीदाराला मोह होतो. मधले पाच महिने गिऱ्हाइकाचा कुणाशीच संबंध नसतो. फेब्रुवारीत शेजाऱ्याच्या पुतण्याचे पत्रक दारात पडते, घर विक्रीला निघते, नवरा म्हणतो यंदा मीच कापीन. मार्चमध्ये फोन करावा तर चाळीसपैकी किती जण उचलतील हे सांगता येत नाही. ऑक्टोबरात घ्यायचीच असेल तर विसार द्यावा, पत्र तेव्हाच पाठवून घ्यावे, फोन नंबर नावावर करून घ्यावा आणि उरलेल्या पैशांची मोजणी मे महिन्यातल्या सहाव्या कापणीवर ठेवावी.